जगद्गुरू बादशहा आणि त्याच्या घरच्या स्त्रिया



‘आदिलशाही’ हा शब्द उच्चारला की आपल्या घरांतील लहान मुलेसुद्धा चटकन एकच नाव सांगतात, ते म्हणजे अफझलखानाचे. त्यात मुलांचा दोष नाही. प्रतापगडचा प्रसंग आहेच तसा अंगावर रोमांच उभे करणारा. परंतु तो प्रसंग १६५९ सालचा. त्याच्या आधी सुमारे एकशे सत्तर वर्षे विजापूरची आदिलशाही नांदत होती. आपल्यापैकी अनेकींची माहेरे सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंची, काहींची दाभोळ-राजापूरकडची. या गावांचा शेतसारा आणि या बंदरांची जकात तेव्हा विजापूरच्या खजिन्यात जात असे. म्हणजे आपल्या पणज्यांच्या पणज्या ज्या राज्यात दळणकांडण करीत होत्या, त्या राज्याची आपणांस पुरती ओळख नाही.

मी पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकविला. या घराण्याच्या वाट्याला पुस्तकात जेमतेम दीड पान येई. त्या दीड पानात न मावलेल्या एका राजाविषयी आज लिहावयाचे आहे. त्याचे नाव दुसरा इब्राहीम आदिलशहा. १५८० ते १६२७ अशी सत्तेचाळीस वर्षे तो गादीवर होता. लोक त्याला ‘जगद्गुरू’ म्हणत. मुसलमान सुलतानाला हिंदू प्रजेने जगद्गुरू म्हणावे, याचे अप्रूप वाटून काही लेखकांनी त्याला पार देव्हाऱ्यात बसविले आहे. तर काहींनी ‘असेल एखादा हौशी गवई’ म्हणून त्याला सोडून दिले आहे.

मला वाटते, आपण बायकांनी आपली नेहमीची पारख लावून पाहावी. सोयरीक जमविताना आपण केवळ दिवाणखान्यातले पडदे पाहून परत येत नाही. घरातले मूल कोणी वाढविले, घरात बोलतात कसे, देवाधर्माचे कसे आहे, पाण्याची सोय काय, मुली कशा दिल्या, आणि अडल्या वेळी हे लोक नात्याला जागतात का, एवढे विचारून मगच आपण मान हलवितो. राजाचे घर झाले तरी ते घरच.

पहिला प्रश्न : मूल कोणी वाढविले?

१५८० साली पहिला अली आदिलशहा मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हते. म्हणून त्याच्या भावाचा मुलगा इब्राहीम याला गादीवर बसविले. त्या वेळी तो अवघा नऊ वर्षांचा होता. नऊ वर्षांचा राजा म्हणजे सरदारांना मोकळे रान. त्याची जबाबदारी घेतली ती त्याच्या चुलतीने, अलीच्या विधवेने. तिचे नाव चांदबिबी.

चांदबिबी ही अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची लेक. तिची आई खुंझा हुमायून हिनेही पतीच्या मागे काही वर्षे मुलाच्या नावाने अहमदनगरचा कारभार पाहिला होता, तेव्हा राज्य चालविणारी बाई तिने घरातच पाहिली होती. तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून विजापूरला मिळाला होता. अशी ही मुलगी वैधव्य आल्यावर कोपऱ्यात बसली नाही. पुतण्याला शेजारी बसवून तिने दरबार चालविला.

ते सोपे नव्हते. पहिला कारभारी कामिलखान शिरजोर झाला, त्याला तिने किश्वरखानाच्या साहाय्याने दूर केले. मग किश्वरखानच शिरजोर झाला आणि त्याने तिलाच कैद करून कोठे पाठविले असेल? साताऱ्याच्या किल्ल्यावर! साताऱ्याच्या आपल्या मैत्रिणींनी अजिंक्यतारा चढताना हे जरूर आठवावे. ज्या किल्ल्याला आपण मराठ्यांची राजधानी म्हणून ओळखतो, त्याच्यावर सव्वाशे वर्षे आधी एक राजमाता कैदेत बसली होती. पुढे किश्वरखानाला पळावे लागले आणि इखलासखान नावाच्या हबशी सरदाराच्या पक्षाने तिला सन्मानाने परत आणले.

त्याच धामधुमीत अहमदनगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी विजापूरला वेढा घातला. अहमदनगर म्हणजे तिचे माहेर; तेथे गादीवर होता तिचा सख्खा भाऊ. माहेरची फौज सासरच्या तटाशी उभी राहिलेली आणि पदरात दुसऱ्या बाईचे पोर. तिने शहर सोडले नाही. अखेर फौजा वेढा उठवून गेल्या. त्यानंतर दिलावरखान नावाचा कारभारी प्रबळ झाला आणि त्याने आठ वर्षे सत्ता हाती ठेवली. १५८४ साली इब्राहीमची बहीण अहमदनगरच्या राजपुत्राला दिली, तेव्हा पुतणीची पाठराखीण म्हणून चांदबिबी माहेरी गेली. १५९० मध्ये एकोणीस-वीस वर्षांच्या इब्राहीमने दिलावरखानाला हाकलले आणि स्वतः कारभार घेतला. तो जी गादी सांभाळू लागला, ती तोवर टिकली होती यात त्या चुलतीचा वाटा फार मोठा आहे.

दुसरा प्रश्न : घरात बोलत काय होते?

दरबाराची भाषा फारसी. पण पहिल्या इब्राहीमने, म्हणजे या इब्राहीमच्या आजोबांनी, सोळाव्या शतकाच्या मध्यास एक मोठी गोष्ट केली होती. महसुलाचे हिशेब त्यांनी फारसीऐवजी देशभाषेत ठेवविले आणि त्यासाठी येथल्याच कारकुनांना चाकरीत घेतले. मराठी मुलखात ती देशभाषा म्हणजे मराठीच. नातवाने तोच रिवाज पुढे चालविला. कुळकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे हे गावच्या पाटलाला वाचून दाखविले तर समजत होते. ज्याची जमीन, त्याच्या भाषेत तिचा हिशेब. ही गोष्ट लहान नाही. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर अंगठा उठविण्याचे दुःख काय असते, हे आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या विधवा आत्याचे वा मावशीचे जमिनीचे कागद निस्तरले असतील त्या जाणतात.

इब्राहीम स्वतःही मराठी उत्तम बोले. अकबराचा वकील असदबेग १६०३-०४ च्या सुमारास विजापुरास आला होता. त्याने लिहून ठेविले आहे की, या राजाला फारसी समजते, पण त्याच्या जिभेवर रुळलेली बोली मराठी आहे. विजापूरची दखनी बोलीही मराठीच्या शेजाराने वाढली. दखनीतला ‘नक्को’ हा आपल्या ‘नको’चाच भाऊ, आणि ‘मीच’, ‘तूच’ मधला आपला ‘च’सुद्धा दखनीने उचलला आहे.

येथे आपल्या सांताक्रूझचीही आठवण काढली पाहिजे. इब्राहीमच्या काळी आपली साष्टी आदिलशाहीत नव्हती. १५३४ पासून ती पोर्तुगीजांकडे होती. आपल्या उपनगराचे नावच मुळी पोर्तुगीज, अर्थ ‘पवित्र क्रूस’. पण त्याच पोर्तुगीजांच्या गोव्यात, याच इब्राहीमच्या कारकीर्दीत, फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि १६१६ मध्ये ते छापून निघाले. सुलतान मराठी बोलतो आणि पाद्री मराठीत ओव्या रचतो, असा तो काळ. लोकांच्या मनापर्यंत जावयाचे तर लोकांच्याच भाषेतून जावे लागते, हे दोघांनाही कळले होते.

तिसरा प्रश्न : देवाधर्माचे कसे?

इब्राहीमचे खरे वेड गाण्याचे. त्याच्या तंबोऱ्याचे नाव मोतीखान. आपल्या घरी गाईम्हशींना नावे असतात, तशी त्याच्या घरी वाद्याला आणि हत्तींनाही नावे होती. ‘नवरस’ या शब्दावर तर त्याचा इतका जीव की पुस्तकाला, महालाला आणि १५९९ मध्ये विजापूरच्या पश्चिमेस वसवावयास घेतलेल्या नव्या नगरालाही त्याने तेच नाव दिले. त्याच्या पदरी असलेल्या फरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथालाही ‘नौरसनामा’ म्हणतात.

त्याच्या ‘किताब-ए-नवरस’ या दखनी पुस्तकात एकोणसाठ गीते आणि सतरा दोहे असून ती रागवार लावली आहेत. त्यांत सरस्वतीची स्तुती आहे, गणपतीची आहे, शंकरपार्वतीची आहे आणि गुलबर्ग्याच्या हजरत गेसूदराजांचीही आहे. सरस्वती आणि गणपती यांना तो मायबापांच्या जागी मानतो. त्याच्या काही चित्रांत गळ्यात रुद्राक्षांची माळ दिसते. एवढे करून तो मुसलमानच राहिला. त्याने मशिदी बांधल्या, नमाज सोडली नाही. एका देवाला हात जोडण्यासाठी दुसऱ्याकडे पाठ फिरवावी लागते, असे त्याला वाटले नाही, इतकेच.

नरसोबाच्या वाडीची कथा आपल्याला ठाऊक आहेच. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची दृष्टी तेथील पुजाऱ्यांच्या प्रार्थनेने परत आली, म्हणून बादशहाने देऊळ बांधविले आणि औरवाड, गौरवाड ही गावे इनाम दिली. देवळाला शिखर नाही ते त्यामुळेच, असे तेथे सांगतात. दंतकथा ती दंतकथाच. पण बादशहा आपल्या देवापाशी लेकीसाठी पदर पसरायला येईल, असे लोकांना खरे वाटण्याजोगे वाटले, हे तिच्यावरून कळते.

चौथा प्रश्न : पाण्याचे काय?

मागे आपल्या मंडळाची सहल पंढरपूर-अक्कलकोटला गेली होती, तेव्हा आम्ही काहीजणी सोलापूरहून पुढे विजापूरला गेलो. सोलापूरहून ते साधारण शंभर किलोमीटर. २०१४ पासून शहराचे सरकारी नाव विजयपुर असे आहे. गोलघुमट पाहून झाल्यावर बहुतेकांचे पाय परत वळतात. आम्ही मात्र ताजबावडी पाहिली. सुमारे सव्वादोनशे फूट लांबीरुंदीचे चौरस कुंड, एका प्रचंड कमानीखालून आत उतरणाऱ्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना बुरूज आणि वाटसरूंना टेकण्यासाठी ओवऱ्या. १६२० साली इब्राहीमच्या कारकीर्दीत मलिक संदल या सरदाराने हे काम केले, आणि नाव दिले राणी ताज सुलताना हिचे. शहराच्या दुसऱ्या अंगाला, पूर्वेकडे, त्याच्या आधीच्या अलीच्या वेळची चांदबावडी आहे. ती चांदबिबीच्या नावाची.

म्हणजे शहराच्या पूर्वेला एका राणीच्या नावाचे पाणी आणि पश्चिमेला दुसरीच्या नावाचे. पहाटे नळाची वेळ सांभाळणाऱ्या आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हां सांताक्रूझकरणींना त्या पायऱ्यांवर उभे राहून काय वाटले असेल, हे निराळे सांगावयास नको. पाण्याला नाव बाईचे द्यावे हे त्या राज्याला सुचले, कारण घागर बाईच्याच डोक्यावर असते.

असदबेगाने विजापूरच्या बाजाराचेही वर्णन केले आहे. लांबलचक, रुंद, सरळ रस्ता आणि दुकानांपुढे हिरवीगार झाडे. जाताना त्याने तंबाखू बरोबर नेली आणि अकबरापुढे ठेविली. उत्तरेकडच्या दरबाराला तंबाखूची ओळख झाली ती अशी विजापूरहून. या बाबतीत मात्र विजापूरचे आभार मानावेत असे मला वाटत नाही.

पाचवा आणि सहावा प्रश्न आता एकदमच घेते, कारण ते एकमेकांत गुंतले आहेत : मुली कशा दिल्या, आणि नात्याला जागले का?

येथे जगद्गुरूची बाजू लंगडी पडते, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५९४ मध्ये बेळगावला ठेवलेल्या त्याच्या सख्ख्या भावाने, इस्माईलने, बंड केले. तो पकडला गेला आणि त्याला जीव गमवावा लागला. सरस्वतीची स्तुती गाणाऱ्या हाताने हेही केले.

पुढच्याच वर्षी अहमदनगरचा निजामशहा विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर. त्या पोरक्या बाळाच्या पाठीशी उभी राहिली ती चांदबिबीच. आयुष्यात दुसऱ्यांदा तिने दुसऱ्याच्या लेकरासाठी गादी राखण्याचे काम अंगावर घेतले. १५९५ च्या अखेरीस अकबराचा मुलगा मुराद याने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला तेव्हा ती स्वतः शस्त्र घेऊन भगदाडापाशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. तिने पुतण्याकडे मदत मागितली. या वेळी इब्राहीम जागला. त्याने सुहेलखानाला मोठी फौज देऊन पाठविले. ती फौज येत असल्याच्या वार्तेने मोगल तहाला आले. वऱ्हाड देऊन तिने अहमदनगर राखले. १५९७ मध्ये गोदावरीकाठी हाच सुहेलखान मोगलांशी लढला आणि हरला.

त्यानंतर १६०० साली मोगल पुन्हा आले. या खेपेस विजापूरची फौज आली नाही. किल्ला टिकणार नाही हे ओळखून चांदबिबीने बाळ राजाचा जीव वाचविण्यासाठी तहाचे बोलणे काढले. ‘ही फितूर झाली’ अशी हूल उठली आणि तिच्याच शिपायांनी तिला महालात शिरून ठार केले. ज्या मोगल शहाजाद्याच्या नावाने अहमदनगर पडले, त्याचे नाव दानियाल.

आणि चार वर्षांनी, १६०४ मध्ये, इब्राहीमने आपली मुलगी याच दानियालला दिली. लग्न झाले पैठणजवळ गोदावरीच्या काठी. एकनाथमहाराज समाधिस्थ होऊन पाच-एक वर्षेच झाली होती. वधूबरोबर फरिश्ता गेला होता. ज्या चुलतीने बापाला वाढविले, तिचे शहर घेणाऱ्याच्या घरी लेक गेली. वर्षभरात दानियाल दारूच्या व्यसनाने बुऱ्हाणपुरात मेला आणि ती मुलगी विधवा झाली.

राजकारण म्हणून याचे समर्थन करता येईल. मोगलांचा रेटा प्रचंड होता, आणि पुढे वीसएक वर्षे विजापूरला निवांतपणा मिळाला तो अशाच तडजोडींतून. त्या निवांतपणात किताब पुरी झाली, बावडी झाली, बाजार भरले. तो निवांतपणाही १६२४ मध्ये संपला. अहमदनगरजवळ भातवडीला मलिक अंबरने मोगल आणि विजापूर या दोघांच्या फौजांचा पराभव केला. या लढाईत मलिक अंबरकडून शहाजीराजे लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. मग मलिक अंबर विजापूरवर चालून गेला आणि अर्धेमुर्धे वसलेले नवरसपूर त्याने उद्ध्वस्त केले. इब्राहीम १६२७ च्या सप्टेंबरात वारला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत शिवनेरीवर शिवाजीमहाराजांचा जन्म झाला.

त्याची कबर इब्राहीम रोझा या वास्तूत आहे. एका जोत्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, उंच मिनार, आणि दगडी खिडक्यांत अक्षरे अशी कोरलेली की अक्षरांच्या फटींतून उजेड आत येतो. वाटाड्या सांगतो, “बादशहाने राणीसाठी बांधले.” पण तेथल्या शिलालेखात निराळेच आहे. ताज सुलतानाच्या आज्ञेने हा रोझा झाला, मलिक संदलने तो पुरा केला आणि दीड लाख नऊशे हून खर्च आला, असे तो लेख सांगतो. तारीख १६२६ च्या सुमाराची. आत सहा थडगी आहेत. त्यांत बादशहा आहे, ताज सुलताना आहे, त्याची आई आहे आणि त्याची एक मुलगी झोहरा आहे. चांदबिबी तेथे नाही. पैठणला वाटी लावलेली ती लेकही नाही.

तेव्हा या घराविषयी मान हलवायची की नाही? मी हलवीन, पण थांबून. भाषा, देव आणि पाणी या तीन गोष्टींत या राजाने प्रजेला परके मानले नाही, आणि त्याबद्दल प्रजेने दिलेली ‘जगद्गुरू’ ही पदवी त्याने कष्टाने मिळविलेली आहे. मात्र तिची किंमत काही अंशी त्याच्या घरच्या स्त्रियांनी दिली, आणि पदवी कोरताना त्यांची नावे कोणी विचारली नाहीत. मुलांना अफझलखान शिकवावा, अवश्य शिकवावा. त्याच्या आधीचे हे पान जोडून शिकविले तर शिवाजीमहाराजांचा पराक्रम उणा होत नाही. कोणत्या मुलखात, कोणत्या भाषेच्या दप्तरांतून त्यांचे स्वराज्य उभे राहिले, हे उलट अधिक चांगले कळते.

आपल्या मंडळाची पुढची सहल पंढरपूर वा अक्कलकोटला निघाली तर एक दिवस वाढवून घ्यावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे. रोझ्यात गेल्यावर वाटाड्याचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे, आणि मग तो शिलालेख त्याच्याकडूनच वाचवून घ्यावा.